प्रमाण बोट

मानवी प्रगतीचा इतिहास हा 'थोडंसं' या शब्दाविरुद्ध दिलेल्या लढ्याचा इतिहास आहे. थोडंसं पुढे जा म्हणून सांगितलेली माणसं हरवली, थोडंसं थांबा म्हणून सांगितलेली माणसं म्हातारी झाली, तेव्हा कुठे कुणाला तरी काठीवर रेघा मारायची बुद्धी सुचली. काठीची पट्टी झाली, पट्टीसाठी पेटी आली, पेटीसाठी कपाट, कपाटासाठी खोली, आणि खोली सांभाळायला एक कार्यालय. वजन-माप प्रमाणन कार्यालय. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर उत्तरेकडच्या खोलीत (तापमान वीस अंश; दार हळू लावावे; शिंक आल्यास जिन्यात जावे) काचेच्या दोन घंटांखाली एक किलोचं मुख्य वजन ठेवलेलं असतं. शहरातले सगळे तराजू शेवटी या वजनाच्या धाकाने खरं बोलतात.

हे वजन वर्षातून एकदा उचलून तपासावं असा नियम आहे. उचलायला चिमटा लागतो, चिमट्याला हात लागतो, आणि त्या हाताला एक परीक्षा द्यावी लागते. गेली नऊ वर्षं ही परीक्षा कुणी उत्तीर्ण झालं नव्हतं. त्यामुळे वजन तपासलं गेलं नव्हतं, आणि त्यामुळे त्यात एकही दोष आढळला नव्हता. कार्यालयाच्या वार्षिक अहवालात ही कामगिरी ठळक अक्षरांत छापली जाई.

मग दशांश आली.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. रुजू झाली त्या दिवशी कुणीतरी विचारलं, "चहात साखर किती?" तेव्हा ती म्हणाली, "सव्वा चमचा. सपाट." दुपारपर्यंत सगळं कार्यालय तिला दशांश म्हणायला लागलं होतं. वय तेवीस, विज्ञानाची पदवी, राहणं मावशीकडे. चिमट्याची परीक्षा ती पहिल्याच खेपेला उत्तीर्ण झाली, आणि नऊ वर्षांची निर्दोष परंपरा धोक्यात आली. मुख्य वजनाची तपासणी दोन महिन्यांनी ठरली.

त्याच आठवड्यात तिच्या हातांना इसब झालं.

कारण साधं होतं. वजनाच्या खोलीत शिरण्याआधी हात साबणाने धुवायचे, बाहेर आल्यावर धुवायचे, आणि मधे शंका आली तरी धुवायचे. दशांशला शंका फार येत. (दिवसाला सरासरी अकरा, सुटीच्या दिवशी चार.) हातांच्या पाठी आधी लाल झाल्या, मग खाजायला लागल्या, मग सांध्यांवर भेगा पडल्या आणि पापुद्रे निघायला लागले. सरावाच्या वजनावर एक दिवस तराजू ०.०००४ ग्रॅम जास्त दाखवायला लागला. सगळ्यांनी तराजूला दोष दिला. दशांशने भिंग घेतलं आणि वजनाच्या कडेला एक खपली शोधून काढली. खपली कुणाची हा तपास करण्याची कुणी सक्ती केली नव्हती. तिने केला. खपली तिचीच निघाली. तसा अहवाल तिने स्वतःविरुद्ध, स्वतःच्या सहीने, दोन प्रतींत सादर केला.

अधीक्षकसाहेबांनी तो वाचला. तपासणीला बेचाळीस दिवस उरले होते; तोपर्यंत हात बरे झाले तर ठीक, नाहीतर दशांशची बदली लेखनसामग्रीच्या कपाटावर, असा आदेश निघाला. त्या कपाटाबद्दल एवढंच सांगणं पुरे की तिथून कुणी परत आलेलं नाही. मागचे गृहस्थ डिंकाच्या बाटल्या मोजता मोजता निवृत्त झाले, आणि निरोपाच्या भाषणात त्यांनी फक्त आकडा सांगितला.

दशांश त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"इसब आहे. घाबरण्यासारखं नाही, आणि दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. ही स्टिरॉइडची ट्यूब. दिवसातून एकदा, एक बोट, चौदा दिवस."

"एक बोट?"

"तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत ट्यूबमधून सरळ ओळ काढायची. तेवढ्यात दोन तळहातांएवढी जागा होते. तुमच्या दोन हातांच्या पाठी, झालं! पातळ थर द्यायचा, भांडं घासल्यासारखं रगडायचं नाही. भीतभीत टिंबभर लावलंत तर आग विझायची नाही. आणि आवडलं म्हणून महिनोन्महिने थापत बसलात तर कातडी कांद्याच्या सालीसारखी होईल. चेहऱ्याला नाही. उरलेली दुसऱ्या कुणाला नाही. हात धुवायला साबण सौम्य घ्या, आणि दिवसभर हे दुसरं साधं मलम, ओलावा धरणारं, हवं तेवढं लावा."

"हवं तेवढं म्हणजे किती?"

"हवं तेवढं."

दशांशने हे शेवटचं वाक्य टिपून घेतलं नाही.

जिन्याच्या सातव्या पायरीवर ती थांबली. चिठ्ठीवर '१ बोट' असं लिहिलं होतं. एक बोट. पण कुणाचं? माणसांची बोटं सारखी नसतात, हे कुणीही मान्य करेल. मागे वळून विचारायचं तर सात पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. एवढ्यात आत पुढचा पेशंट गेला होता. शिवाय हा औषधाचा प्रश्न नव्हता, एककाचा होता. एककाच्या प्रश्नासाठी जगात एक कार्यालय आहे आणि आपण त्यातच नोकरीला आहोत, या विचाराने तिला फार बरं वाटलं. तिची चूक एवढीच झाली. दुसऱ्या कुठल्याही कार्यालयातली मुलगी घरी गेली असती आणि मलम लावून मोकळी झाली असती.

घरी मावशीने हात बघून कपाळाला हात लावला.

"अगं, मग लाव की! वाट कसली बघतेस?"

"किती लावू?"

"थोडंसं."

"मावशी, तो शब्द नको."

"बरं बाई, किंचित." मावशीने फ्रिजचं दार उघडलं आणि अंड्यांच्या खाचेतून एक ट्यूब काढली. मधूनच पिळलेली, टोपण हरवलेली, तोंडाला पिवळट गोळा. "ही बघ. शेजारच्या काकूंच्या सुनेला दिली होती, तिच्या भावाच्या गुडघ्याला. दोन दिवसांत साफ! लावून तर बघ."

दशांशने ट्यूब प्रकाशात धरून बारीक अक्षरं वाचली. "मावशी, हे पण स्टिरॉइडच आहे. आणि माझ्यापेक्षा जास्त तीव्र."

"अगंबाई! मग तुझ्यात स्टिरॉइड आहे का?" मावशीने दशांशची नवी ट्यूब लांबूनच न्याहाळली. "मग नको गं लावूस. वाईट असतं ते."

"आणि तुझ्यात?"

"ह्याच्यात गुण आहे," मावशी म्हणाली, आणि ट्यूब पुन्हा अंड्यांशेजारी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी दशांशने टिपण सादर केलं. विषय: वैद्यकीय उपयोगासाठी 'बोट' या एककाची व्याख्या निश्चित होणेबाबत. तिला वाटलं होतं की साहेब वर 'स्वतःचे बोट वापरावे' असं लिहून कागद परत पाठवतील. पण ज्या कार्यालयात नऊ वर्षं काही घडलेलं नाही तिथे प्रश्न असा सहजासहजी परत जात नाही. साहेबांनी टिपण दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. संध्याकाळी प्रमाण बोट समिती स्थापन झाली. अध्यक्ष अधीक्षकसाहेब, सदस्य भांडारपाल. दशांश अर्जदार म्हणून हजर राहील. तिने बोलायचं नव्हतं, इतिवृत्त लिहायचं होतं. (हातांना भेगा असल्यामुळे सावकाश लिहिण्याची मुभा मिळाली.) समितीचा निर्णय होईपर्यंत मलम लावणं हा नियमभंग ठरला असता. दशांशने आयुष्यात एकही नियमभंग केला नव्हता. ट्यूब पिशवीत राहिली.

समितीची निवड अत्यंत समतोल होती. त्वचेच्या मलमांविषयी समाजात जे दोन प्रमुख पंथ आहेत, त्या दोन्हींना तिच्यात स्थान मिळालं होतं.

साहेब भिणाऱ्या पंथाचे. त्यांच्या मानेवर मागच्या बाजूला सात वर्षांपासून इसब होतं. सात वर्षांपूर्वी त्यांनाही एक ट्यूब मिळाली होती. तिच्यावर 'स्टिरॉइड' हा शब्द वाचून त्यांनी ती शिक्क्यांच्या तिजोरीत ठेवली. वर्षातून एकदा, खाज अगदी असह्य झाली की, ते दार लावून मोहरीएवढा ठिपका मानेला लावत आणि तासाभरात पुसून टाकत. इसब जात नसे. त्यावरून ही ट्यूब निरुपयोगी आहे आणि घातकही आहे, असे दोन निष्कर्ष त्यांनी एकाच प्रयोगातून काढले होते. इतक्या कमी खर्चात इतकं संशोधन क्वचितच होतं.

भांडारपाल फासणाऱ्या पंथाचे. सहा वर्षांपूर्वी कमरेवर एक गोल चकंदळ उठलं, तेव्हा ते औषधांच्या दुकानात जाऊन म्हणाले, "खाजेची द्या." दुकानदाराने दिली. दोन दिवसांत खाज गेली, पाच दिवसांत चकंदळ दिसेनासं झालं, आणि पंधरा दिवसांनी ते कुटुंबकबिल्यासह परत आलं. कारण ते इसब नव्हतंच, गजकर्ण होतं. आणि ही मलमं गजकर्ण मारत नाहीत, त्याच्यावर पांघरूण घालतात आणि खाली त्याचा संसार वाढू देतात. भांडारपालांनी निष्ठा सोडली नाही. चकंदळ वाढलं तशी त्यांनी ट्यूबची मात्रा वाढवली. पुढे तीच ट्यूब त्यांनी तकाकी यावी म्हणून चेहऱ्यालाही लावायला सुरुवात केली. तकाकी आली. मग गाल कायमचे लाल झाले, त्यांवर बारीक शिरांचं जाळं उमटलं, पुटकुळ्या आल्या, आणि एक दिवस जरी खंड पडला तरी चेहरा तव्यासारखा तापायचा. म्हणून ते खंड पडू देत नसत. इतिवृत्तात त्यांची नोंद 'सदस्यांस या विषयाचा सहा वर्षांचा सलग अनुभव' अशी झाली. दशांशनेच ती लिहिली. अक्षर थोडं वाकडं आलं, ते भेगांमुळे असावं.

पहिल्या चार बैठकांत पुढील मुद्दे निकाली निघाले:

१. बोट म्हणजे तर्जनी. (अंगठ्याच्या बाजूने एक मत पडलं. ते भांडारपालांचं होतं.)
२. बोट उजव्या हाताचं असावं. डावखुऱ्यांनी स्वतंत्र अर्ज करावा.
३. नख बोटात धरावं की नाही, हा प्रश्न नखं कापल्यावर विचारात घ्यावा.
४. बोट जिवंत माणसाचं असावं. धातूचं बोट अधिक टिकाऊ पडलं असतं, परंतु त्यासाठी नमुना म्हणून आधी एक बोट निश्चित करावं लागलं असतं.

पाचव्या बैठकीत मोजणी झाली. कार्यालयातल्या एक्केचाळीस माणसांच्या तर्जन्या सूक्ष्ममापकाने मोजल्या गेल्या. टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत सर्वांत लांब बोट वाहनचालकाचं, एकोणतीस मिलिमीटर. सर्वांत आखूड टंकलेखिकेचं. तिने त्याचा दोष टंकयंत्राच्या माथी मारला. सरासरी लांबी २५.३, सरासरी घेर ५२. आणि या दोन्ही आकड्यांवर तंतोतंत बसणारं बोट एकच निघालं. ते आवक-जावक टेबलावरच्या काकांचं होतं.

काका छप्पन्न वर्षांचे. तीस वर्षं टपालावर शिक्के मारत आलेले. घरी त्यांचं चुकतं असं त्यांची बायको म्हणे, कार्यालयात चुकतं असं साहेब म्हणत, आणि कुणाचंच चुकत नाही असं काका म्हणत. निकाल कळला तेव्हा त्यांनी आपलं बोट डोळ्यांसमोर धरलं.

"दशांश, बघ गं. दोन्ही आकडे?"

"दोन्ही, काका. पहिल्या दशांशापर्यंत."

"जन्मात पहिल्यांदा मी कशात तरी बरोबर आलो," काका म्हणाले. दशांशला त्या क्षणी वाटलं, प्रश्न विचारला ते बरंच झालं. तेव्हा तिची ट्यूब पिशवीत एकोणीस दिवसांची झाली होती आणि तिला कामावरच्या झग्याची बटणं लावता येत नव्हती.

प्रमाण बोटाची व्यवस्था मुख्य वजनाच्या दर्जाची करण्यात आली. काकांच्या टेबलावर काचेची पेटी आली. तिच्या एका बाजूला भोक, भोकाला रबराचं कडं. सकाळी साडेदहाला काका तर्जनी कड्यातून आत घालत, आणि पाच वाजता बाहेर काढत. पेटीत वीस अंश तापमान. प्रमाण बोटाने शिक्का मारणं, खाजवणं, कुणाकडे दाखवणं आणि नाकात जाणं यांना मनाई होती. शिक्का मारता येत नसल्यामुळे टपाल ना आत आलं ना बाहेर गेलं. तक्रारींची संख्या शून्यावर आली. हा समितीचा पहिला दृश्य परिणाम मानण्यात आला.

सहाव्या दिवशी काकांच्या बोटाला कड्याखाली पुरळ उठलं. रबर सोसलं नव्हतं. बोट लाल झालं, सुजलं, आणि सकाळच्या नोंदीत घेर बावन्नचा पंचावन्न मिलिमीटर भरला.

दशांशने आकडा वाचून दाखवला.

"प्रमाण कधी बदलतं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब," भांडारपाल म्हणाले.

"बदललं तर ते प्रमाणच नव्हे. म्हणजे हे बोट आजही बावन्नच आहे. मग बदललं काय?"

"बाकीचे, साहेब."

तर्कात कुठेही फट नव्हती. दशांशने शोधली होती. त्या दिवशी दुपारी चाळीस जणांना पत्रं गेली (हातोहात, कारण टपाल बंद होतं): 'आपले बोट प्रमाणापेक्षा साडेपाच टक्के लहान असल्याचे आढळून आले आहे. याबाबतचा खुलासा सात दिवसांत करावा.' बहुतेकांनी दिलगिरी व्यक्त केली. टंकलेखिकेने पुढच्या वेळी काळजी घेईन असं लिहून दिलं. वाहनचालकाने 'घरगुती अडचणीमुळे' एवढाच खुलासा केला आणि तो मान्य झाला.

आता काकांना मलम लागणार होतं. किती? प्रमाण बोटाच्या एका अंशाएवढं. पण प्रमाण बोटावर मलम काढायचं तर ते कामावर हवं, आणि ज्याच्यावर उपचार चालू आहेत ते बोट आजारपणाच्या रजेवर. ते रजेवर गेलं तर प्रमाण नाही, प्रमाण नाही तर माप नाही, माप नाही तर मलम नाही, आणि मलम नाही तर रजा संपत नाही. साहेबांनी हा प्रश्न उपसमितीकडे सोपवला. तिच्यात तीच माणसं होती, फक्त खुर्च्या बदलल्या होत्या.

ट्यूब मिळाल्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी दशांश काकांच्या टेबलाशी थांबली. काका डाव्या हाताने पट्टी घेऊन कड्याच्या फटीतून बोट खाजवत होते.

"काका, हात काढा ना बाहेर."

"कसा काढू? पाच वाजेपर्यंत चाळीस बोटं माझ्या भरवशावर आहेत." मग त्यांची नजर तिच्या हातांवर गेली. सांध्यांवरच्या भेगांतून रक्त येत होतं. तिने इतिवृत्ताच्या कागदाला लागू नये म्हणून बोटांना टिपकागद गुंडाळला होता. "अगं पोरी! तू अजून लावलंच नाहीस?"

"निर्णय झालेला नाही ना."

काकांनी पट्टी खाली ठेवली. तीस वर्षांत त्यांनी कार्यालयाच्या विरोधात काही केलं नव्हतं. त्यांनी बोट कड्यातून ओढलं. सुजलेलं असल्यामुळे ते चटकन येईना. आलं तेव्हा बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला.

"जेवणाची सुटी आहे," ते म्हणाले. "सुटीत मी कुणाचं प्रमाण नाही. चल."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवरची तारीख पाहिली. "चौदा दिवसांचं औषध. अठ्ठावीस दिवस झाले. आणि सुरूच केलं नाही?"

"एकक निश्चित होत होतं."

डॉक्टरीणबाईंनी दशांशची नवी कोरी ट्यूब उघडली, तिचा हात पुढे ओढला आणि तिच्याच तर्जनीवर टोकापासून रेघेपर्यंत एक ओळ काढली.

"हे बोट कुणाचं?"

"माझं."

"आणि हात?"

"माझेच."

"मग मधे तिसऱ्या माणसाचं बोट कशाला घुसवता? ज्याचं बोट मोठं त्याचा तळवा मोठा. दोन्ही एकाच माणसाला फुटलेली असतात ना? लहान मुलाचा हिशेब निराळा, तो मी सांगेन. पण तुम्ही तेवीस वर्षांच्या आहात."

दशांशने मनात गुणोत्तर मांडलं. ते सुटायला दीड सेकंद लागला. तिचे कान लाल झाले. (ते इसब नव्हतं.)

"आणि तुमचं काय?" डॉक्टरीणबाईंनी काकांचं बोट पाहिलं. "हे रबर कुठलं?"

"सरकारी," काका म्हणाले.

"ते काढा."

"काढून?"

"काढून ठेवा. निम्मं काम तेवढ्यानेच होईल. उरलेल्यासाठी एवढंसं मलम, हे बघा, वाटाण्याएवढं, रोज एकदा, आठवडाभर. दुसऱ्या हाताच्या बोटाने."

"दुसऱ्या हाताच्या?" काकांनी डाव्या तर्जनीकडे नव्याने पाहिलं. ती अठ्ठावीस दिवसांत कुणी मोजलेली नव्हती.

दशांशने त्याच दिवशी सुरुवात केली. चौथ्या दिवशी खाज निवली, नवव्या दिवशी भेगा मिटल्या. दहाव्या दिवशी तिला वाटलं, दिसतंय तर बरं, आता कशाला लावायचं? चौदाव्या दिवशी वाटलं, इतकं छान झालंय, अजून महिनाभर चालू ठेवावं. पहिला विचार साहेबांचा होता आणि दुसरा भांडारपालांचा, हे तिच्या लक्षात आलं. चिठ्ठीवर आकडा चौदा होता. तिने चौदा दिवस लावलं. बेचाळिसाव्या दिवशी सकाळी हात डॉक्टरीणबाईंना दाखवले, त्यांनी आता हे थांबवा आणि साधं मलम हवं तेवढं लावा म्हटलं, आणि ती साडेदहाला कामावर हजर झाली.

साहेबांनी भिंगातून दोन्ही हात पाहिले. पाठी, सांधे, बोटांच्या मधल्या बेचक्या. एकही पापुद्रा नव्हता.

"कोणत्या बोटाने लावलंत?"

दशांशला खोटं बोलता येत नसे. "माझ्या."

"म्हणजे अप्रमाणित मापाने." साहेबांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. "मग हे बरं होणं मला नोंदवता येत नाही. कागदोपत्री तुमचं इसब चालू आहे. मला बदलीचा आदेश काढावा लागेल."

"हात तर बरे आहेत साहेब."

"हातांचं कोण विचारतंय?"

टंकलेखिकेने आदेश टंकायला घेतला. लेखनसामग्रीच्या कपाटाची किल्ली साहेबांनी खणातून काढून टेबलावर ठेवली. दशांश तिच्याकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात वजनाचं काय, हा प्रश्न काकांनी विचारला. तो कुणालाच सुचला नव्हता. वजन आज उचलणं भाग होतं, तशी वरपर्यंत पत्रं गेली होती. (निदान लिहिली गेली होती; ती काकांच्या टेबलावर होती.)

नियमाप्रमाणे ज्याच्या अंगातून खपली गळत नाही तोच वजनापाशी जाऊ शकतो. मग टेबलावर काळा कागद पसरून एकेकाला त्यावर मिनिटभर वाकायला सांगितलं. भांडारपाल वाकले, गालांवरून भुसा पडला. काकांच्या बोटाची सालं अजून निघत होती. वाहनचालकाच्या डोक्यातून जे पडलं ते इसब नव्हतं, पण पडलं. उदाहरण घालून द्यावं म्हणून साहेब स्वतः वाकले, आणि कागद कुणी बघू नये म्हणून लगेच सरळ झाले. सगळ्यांनी बघितला. चाळीस माणसं झाली. दशांशने हात कागदावर धरले. मिनिट झालं. कागद काळाच राहिला.

मग साहेबांनी बदलीचा आदेश यंत्रातून काढायला लावला आणि दुसरा सांगितला: 'सदर कर्मचारी कागदोपत्री आजारी परंतु प्रत्यक्षात खपलीरहित आहेत. मुख्य वजनास कागदपत्रे वाचण्याची सोय नसल्याने, केवळ त्या कामापुरते, त्यांना बरे समजण्यात यावे.'

दशांश आत गेली. बाहेरची घंटा उचलली, आतली घंटा उचलली. चिमटा धरताना भेगा उघडतील म्हणून तिने सवयीने श्वास रोखला. काहीच दुखलं नाही. वजन उचललं, तराजूवर टेकवलं, आणि काटा थांबेपर्यंत ती हलली नाही.

०.०००४ ग्रॅम जास्त.

तिने भिंग घेतलं. वजनाच्या माथ्यावर एक जुनी, वाळलेली खपली होती. नऊ वर्षांत या घंटा एकदाच उघडल्या गेल्या होत्या: साहेबांना बढती मिळाली त्या वर्षी, त्यांनी वाकून दर्शन घेतलं तेव्हा. काचेपलीकडे साहेब उभे होते, एक हात मानेमागे. दशांशने त्यांच्याकडे पाहिलं. मग मऊ कुंचल्याने खपली झटकली, पुन्हा वजन केलं, आकडा बरोबर आला. शेऱ्याच्या रकान्यात तिने 'धूळ' असं लिहिलं. त्या नोंदीत दशांश चिन्ह नव्हतं.

बाहेर आल्यावर तिने साहेबांच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. त्यावर डॉक्टरीणबाईंचा पत्ता होता. साहेबांनी ती तिजोरीत ठेवली, ट्यूबच्या शेजारी.

त्यानंतरची परिस्थिती समाधानकारक आहे. काकांची सूज उतरली आणि बोट पुन्हा बावन्नवर आलं. त्याबरोबर उरलेली चाळीस बोटं एका सकाळीत पूर्ववत वाढली. साहेबांनी सर्वांचं अभिनंदन केलं आणि ही प्रगती टिकवून ठेवण्याचं आवाहन केलं. पेटी रिकामी आहे, पण तापमान वीस अंश ठेवलं जातं. दशांशचं इसब कागदोपत्री अद्याप बरं झालेलं नाही, त्यामुळे दर महिन्याला तिच्या नावाने सरकारी खर्चाने एक ट्यूब येते आणि ती न उघडता परत करते. परतीची ट्यूब भांडारात जमा होते, आणि भांडारपाल चिकाटी सोडणारे गृहस्थ नाहीत. चकंदळ आता पाठीवर आलं आहे. अकराव्या बैठकीनंतर समिती मुलांच्या बोटाचा विचार करते आहे.

तुम्ही हसलात, ते ठीक आहे. वाचता वाचता एकदा स्वतःच्या तर्जनीकडे बघितलंत, तेही बरं झालं. आता उठा आणि तुमच्या घरातली ती ट्यूब शोधा. फ्रिजच्या दारात नसेल तर आरशामागच्या फळीवर असेल, मधूनच पिळलेली. तारीख वाचता येणार नाही, तेवढ्याच भागावर घडी पडलेली असते. चिठ्ठी सापडलीच तर तिच्यावरचं नाव तुमचं नसेल. कार्यालय वेडगळ होतं, हे दशांशही मान्य करेल. पण त्या माणसांनी अकरा बैठका घालवल्या त्या एका प्रश्नापायी: किती?

तुमच्या घरची समिती पहिल्याच बैठकीत उठली होती. ठराव एका ओळीचा होता आणि एकमताने झाला होता: लावून तर बघ.